शव्वालचा चौथा रोजा

एकशे सात नंबरच्या खोलीतून ताट परत आलं. पनीरला हात लागला नव्हता, डाळीवर साय धरली होती. नव्यानं काही असेल तर केळ्याची सालं आणि उकडलेल्या अंड्याची टरफलं.

"हे तिसरं," दळवी शेफ म्हणाले. "कालपासून म्हातारी नुसती केळी आणि अंडी खातेय. आपल्या किचनची अब्रू जायची पाळी आली. हारून, तू जाऊन बघ रे जरा. तुमच्यातली आहे."

तुमच्यातली म्हणजे काय, हे तिथं कुणाला विचारावं लागत नसे. बत्तीस माणसांच्या त्या किचनमध्ये 'आमच्यातला' मी एकटाच होतो. दळवी शेफ हे वाईट मनानं बोलत नसत. ते परळचे, तोंडानं फटकळ, पण ईदच्या दिवशी मला न मागता सुट्टी देणारा तोच एक माणूस होता. तरीपण तो शब्द आला की मी आपसूक कोपऱ्यात सरकायचो.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. पाचगणीच्या पुढे कड्यावर ते मोठं हॉटेल होतं. त्याचं नाव इथं घेत नाही, कारण चूक हॉटेलची नव्हती. मी तेवीस वर्षांचा होतो. एका कंपनीनं आपल्या लोकांना कुटुंबासकट तीन दिवस तिथं आणलं होतं, आणि एकशे सातमधली बाई त्यातल्याच एका इंजिनिअरची आई होती.

मी वर गेलो. दार उघडंच होतं. सत्तरीची, सुपारीएवढा अंबाडा घातलेली एक बाई पलंगाच्या कडेला अगदी टोकाला बसली होती, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. भिंतीवर घोड्याचं एक मोठं चित्र होतं, त्यावर तिनं टॉवेल टाकला होता. नमाजाच्या वेळी समोर चित्र नको म्हणून टाकला असणार. आमच्या घरी कॅलेंडरवरच्या सिंहाचं आई तेच करायची. मला त्या टॉवेलकडे बघून एकदम भरून आलं.

तिनं आधी माझ्या छातीवरची पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"हारून? आपला हाय का रं तू?"

"हो खाला. सलाम आलेकुम."

"वालेकुम सलाम, बाळा, वालेकुम सलाम." तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "कुठला म्हनायचा?"

"विट्याचा. तांबोळी."

"आन् मी वडूजची. मणेर. आरं मग शेजारचाच की तू! माझी थोरली ननंद विट्यात दिल्याली." बोलता बोलता ती मराठीतून आमच्या घरच्या दखनीत शिरायची आणि परत मराठीत यायची. मला सहा महिन्यांत कुणी 'कुठला' म्हणून विचारलं नव्हतं. किचनमध्ये मी 'गॅसवरचा हारून' होतो, तेवढंच.

"खाला, जेवण का परत पाठवता? डाळ तरी खायची."

"डाळीतला डाव कुठल्या कढईतनं आला आसंल, मला काय ठावं? रियाज नेहमी म्हनतो, आम्मी, एवढं पाळलंस तर परदेशात काय करशील? म्या म्हनलं, मी कशाला जाती परदेशात!" ती हसली. "लेकरानं लई हौसेनं आणलंय. त्याला वाईट वाटंल म्हनून मी म्हनती माझं पोट बरं नाय. खोटंच."

"मटण साताऱ्याच्या कुरेशींकडून येतं. जबह केलेलं, हलाल. मी स्वतः उतरवून घेतो."

"तू रांधशील?"

"वेगळ्या भांड्यात, माझ्या हातानं."

"मग खाईन की," ती म्हणाली. "तुझ्या नावावर खाईन."

जिना उतरताना मी इतका खूश होतो की दोन-दोन पायऱ्या उतरलो.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. माझे अब्बा विट्यात बावर्ची. लग्नाच्या पंगती, सुंता, चाळिसावा, कुठंही देग चढायची असली की बाबूभाई तांबोळी. रमजानमध्ये मशिदीतल्या इफ्तारीची देगही त्यांचीच. रोजा असतानाही अब्बा शोरवा जिभेच्या टोकाला लावायचे, थुंकायचे आणि चूळ भरायचे. पंधरा वर्षांचा असताना मी त्यांना टोकलं होतं. अब्बा डाव दाखवत म्हणाले होते, "गिळत नाय ना मी? शंभर माणसं दिवसभर उपाशी हायती. मीठ जास्त पडलं तर माझ्या रोज्याचं काय लोणचं घालायचंय?"

मौलानांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. वाटलं ते मला. मला अब्बा ढिले वाटले. मी ठरवलं की आपण वासावर रांधायचं. आणि शिकलोही. मीठ कमी आहे की जास्त, कांदा करपायला किती वेळ आहे, मटण शिजलं की नाही, हे सगळं मला वाफेवरून कळायचं. नाकाचा मला गर्व होता, आणि नाकापेक्षाही जास्त रोज्यात कशालाही न लागलेल्या जिभेचा.

हॉटेल मॅनेजमेंट करून मी या किचनमध्ये आलो तेव्हा पहिल्याच दिवशी दळवी शेफना सांगून टाकलं, "वाइन आणि डुकराचं मांस शिजवीन, पण तोंडाला लावणार नाही." ते म्हणाले, "चाखल्याशिवाय माझ्या किचनमधून ताट बाहेर जात नाही. मग तुझं कोण चाखणार?" शेजारच्या शेगडीवरचा सुदाम लोहार म्हणाला, "मी चाखतो, शेफ. हा शिजवंल, मी खाईन. ह्याच्यासारखं सुख नाही." तेव्हापासून किचनमध्ये सुदामला माझी जीभ म्हणायचे. व्यवस्था झकास चालली. इतकी की गोव्यात त्यांचं नवं हॉटेल निघत होतं, तिथं हाताखालचा शेफ म्हणून दळवींनी माझं नाव पाठवलं होतं. या कंपनीची मेजवानी नीट पार पडली की पत्र हातात पडणार होतं. मला ते पत्र हवं होतं. विट्याच्या धुरात परत जायचं नव्हतं.

अब्बांना ते पसंत नव्हतं. फोनवर म्हणाले होते, "हात तर लावतोस ना त्या बाटलीला?"

"हात धुता येतो, अब्बा."

"जीभ पण धुता येती की मग."

मी चिडून फोन ठेवला होता. माझी जीभ साफ होती, म्हणजे मी साफ होतो, असा माझा सरळ हिशेब होता.

त्या दुपारी माझा रोजा होता. रमजान ईद झाली की पुढच्या शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवतात. सक्तीचे नसतात, ज्याची इच्छा त्यानं ठेवावेत. माझा चौथा होता. किचनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं, सांगून कळणार कुणाला? पहाटे बिस्किटं आणि पाणी घेऊन एकटाच उठायचो, संध्याकाळी कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर बसून खजूर खायचो. आणि नोव्हेंबरच्या थंडीनं मला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, कानात दडा.

रात्रीच्या मेजवानीसाठी मटणाचा दाट तपकिरी रस्सा दोन पातेल्यांत होता. उजवीकडच्यात लाल वाइन घातलेला, डावीकडच्यात बिनवाइनचा. दोन्ही मीच केलेले, दिसायला एकसारखे. मी खालाचं मटण छोट्या भांड्यात वेगळं शिजवलं, आलं-लसूण घातलं, कोथिंबीर घातली. ते वेगळंच राहायला हवं होतं. पण एक वाजला, वरून ऑर्डरी आदळायला लागल्या, आणि रस्सा आटून दाट व्हायला अजून अर्धा तास लागला असता. मी डावीकडच्या पातेल्यातले दोन डाव त्यात घातले. बिनवाइनचाच तर होता. सवयीनं वाकून वास घेतला. नाकात काहीच शिरलं नाही.

चमचा मी ओठांपर्यंत नेला होता. नुसतं टोकाला लावून थुंकायचं होतं. पण चौथा रोजा, तोही मनानं ठेवलेला, त्याला उगाच डाग कशाला, असं वाटलं. चमचा खाली ठेवला. सुदाम बाहेर बागेतला काउंटर लावायला गेला होता. ताट मी स्वतः वर नेलं.

ती बोटं चाटून जेवली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. परक्या माणसाला जेवताना असं बघू नये, पण मला राहवलं नाही. दोन दिवसांची भूक होती ती. तिनं हाडातला मगज ओढून खाल्ला, पोळीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं आणि म्हणाली, "लई झ्याक केलंस. चिंच घातली व्हतीस का रं? वाईच आंबूस लागलं, पन चांगलं लागलं."

मी चिंच घातली नव्हती. त्या भांड्यात आंबट असं काहीच नव्हतं.

"हो," मी म्हणालो, आणि ताट उचललं.

खाली सुदाम परत आला होता. मी त्याला डावीकडच्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हे चाख."

त्यानं चाखलं. "मस्त. वाइन बरोबर बसलीये."

"हे बिनवाइनचं ना?"

"आरं, सकाळीच बदललं की. डावीकडची शेगडी मंद झालीये, म्हणून वाइनचं इकडं घेतलं. तुला म्हटलं तर, हारून, बदललंय बघ. तू मान हलवलीस."

मान मी हलवली असणार. कानात दडा होता, मिक्सर चालू होता. कोण काय म्हणतंय ते विचारण्यापेक्षा मान हलवणं सोपं असतं.

दळवी शेफनी मला कोठीघरात नेऊन दार लोटलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला त्रास झाला का? उलटी, पोटदुखी?"

"नाही."

"तिला कळलं?"

"नाही."

"मग तुमच्यात काय म्हणतात? नकळत खाल्लं तर पाप लागतं?"

"नाही लागत."

"संपलं. उद्या सकाळी नऊला त्यांची बस आहे. म्हातारीला सुखानं जाऊ दे. तू सांगितलंस तर तिचा मुलगा मॅनेजरकडे जाणार, मॅनेजर माझ्याकडे येणार, आणि गोव्याचं पत्र मी फाडणार. फाडावंच लागेल रे, मला हौस नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर्दीचं औषध घे."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी आजही त्यांना दोष देत नाही.

संध्याकाळी त्याच कोठीघरात मी रोजा सोडला. बाहेर बागेत गाणी लागली होती. खजूर तोंडात फिरत राहिला, उतरेना. अब्बांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "रोजा सोडलास का?" मी म्हटलं, हो. "काय खाल्लंस?" खजूर. "नुसता? काहीतरी गरम खा." मी बरं म्हणालो. सांगायचं होतं ते सांगितलं नाही. मग त्यांनी थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही वाटलेलं नाही. देवाशी तरी बोलावं म्हणून उभा राहिलो, पण त्याला सांगण्यासारखं काय होतं? त्यानं बघितलंच होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी नोकरी सोडली. विट्यात आलो, अब्बांच्या देगीशी उभा राहिलो, आणि आज वीस वर्षं तेच करतोय. अब्बांनी सगळ्या जमातीत सांगितलं, माझ्या हारूननं दारूच्या हंडीला लाथ मारली, गोव्याची नोकरी सोडली, इमान राखलं. जुम्म्याच्या नमाजानंतर लोक माझ्याशी हात मिळवायचे. अजूनही आईबाप आपल्या मुलामुलींना घेऊन माझ्याकडे येतात. कुठलं शिक्षण घ्यावं, कुठली नोकरी आपल्याला चालते, हारूनभाई, तुम्ही सांगा, तुम्ही करून दाखवलंय. मी त्यांना चहा पाजतो आणि जमेल तेवढं बोलतो. अब्बा गेले तेही तसंच समजून गेले. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. शव्वालचे राहिलेले दोन रोजे त्या वर्षी मी ठेवले नाहीत, आणि दारूमुळे मी तिथून निघालो नाही. निघालो ते दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे सात नंबरमध्ये जे घडलं त्यामुळे.

सकाळी आठला मी वर गेलो. तिनं पलंग स्वतः आवरला होता, चादरीला एक सुरकुती नव्हती. टॉवेल घडी करून ठेवलेला, घोडा उघडा पडलेला. पिशवी भरून ती दाराकडे तोंड करून बसली होती.

"आलास? मी म्हनतच व्हते, न भेटता कसा जाऊ देईल."

"खाला, एक सांगायचंय." मी दार लावून घेतलं. "काल तुम्हाला दिलं त्यात चूक झाली. पातेल्यांची अदलाबदल झाली. त्यात शराब होती."

तिनं नुसती जीभ ओठांवरून फिरवली, एकदा, हळूच. ते मला अजून दिसतं.

"किती?"

"दोन डाव."

"मी बोटं चाटली रं," ती म्हणाली.

खाली बसचा हॉर्न वाजला. कुणीतरी कॉरिडॉरमधून बॅग ओढत नेली.

"तुम्हाला गुन्हा नाही, खाला. तुम्हाला ठाऊक नव्हतं. जे आहे ते माझ्यावर."

"ते ठावं हाय मला. शिकवू नको." आवाज चढला नव्हता, थकला होता. "तुला कवा कळलं?"

"तुम्ही चिंचेचं विचारलंत तेव्हा."

"तवाच का नाय बोललास?"

"भ्यालो. नोकरी जाईल म्हणून."

तिनं मान हलवली. भीती तिला समजली असावी. मग म्हणाली, "रियाजला सांगू नको. लई हौसेनं आणलंय त्यानं. त्याच्या जिवाला लागंल."

म्हणजे नोकरी वाचली होती. गोव्याचं पत्रही वाचलं होतं. ते त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, आणि आलं याचीच मला शरम वाटली.

तिनं पिशवी उचलली, परत खाली ठेवली.

"पन बाळा, तू एवढा रांधणारा. तुला चवीवरनं कसं नाय कळलं? चाखलं नव्हतंस?"

"नाही, खाला."

"का रं?"

ते बोलायच्या आधीच मला कळलं की आपण काय बोलणार आहोत. "रोजा होता माझा. शव्वालचा."

"आस्सं." तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "कितवा?"

"चौथा."

"हितं? येवढ्या कामात? एकट्यानं?" ती उठून माझ्याजवळ आली. "सोडलास कशावर?"

"खजुरावर."

"म्हंजी पुरा झाला नव्हं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथं टोमणा शोधत होतो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, मी रडलो असतो, पाय धरले असते. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसानं घरच्या पोराला विचारावं, तशी ती विचारत होती.

"हो," मी म्हणालो. "पुरा झाला."

"बरं झालं, बाळा." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अल्ला कबूल करो."

अशा वेळी आमीन म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.